खिळ्याच्या भोकातलं ऊन

इंद्रभाननं पिशवी उचलली, मोबाईलचा टॉर्च तिच्यावर धरला आणि खालीवर करून पाहिली. पांढरीच. शेजारची उचलली. तीही पांढरी. मग त्यानं पुढच्या पिशव्या उचलल्याच नाहीत, नुसता टॉर्च फिरवला. लाकडी मांडणीवर ओळीनं बसलेल्या त्या पिशव्या उजेडात कापसाच्या गठड्यांसारख्या चमकल्या आणि पुन्हा अंधारात गेल्या.

नव्या माणसाला ते पाहून कौतुक वाटलं असतं. अर्धवट शिजवलेल्या तांदळावर बुरशी अशी दाट चढली होती की दाणा दिसत नव्हता. पण इंद्रभानला त्या पांढऱ्या रंगाचा वीट आला होता. त्याला हवी होती भुकटी, धुतलेल्या गुलालासारखी फिकट गुलाबी. तीच या बुरशीचं बी. ती भुकटी पाण्यात कालवून झाडावर मारायची, म्हणजे झेंडूवरच्या लाल कोळ्याच्या, त्या बारीक किडीच्या, अंगावर रुजून ती त्याला आतून पोखरते. नुसती पांढरी जाळी कितीही चढली तरी फवारायला काही उपयोगाची नव्हती. बुवांनी पहिल्या चरणाचं निरूपण असं रंगवावं की सगळा मंडप डोलायला लागावा, आणि दृष्टान्ताच्या ऐन वेळी फेटा सावरून घरी निघून जावं, तसं या बुरशीनं चालवलं होतं.

"झाली का गुलाबी?" चुलीपाशी बसल्या बसल्या भागिरथानं विचारलं.

"नाई."

"होईन. तुमी सारखं सारखं जाऊन पाहू नोका. नजर लागते."

इंद्रभाननं टॉर्च बंद केला. बायकोशी या विषयावर बोलण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते गेल्या कोजागिरीला. केनवडच्या पुढं रस्ता सोडून आत गेलं की त्यांची वस्ती. वस्तीच्या देवळात कोजागिरीला माणिकबुवांचं कीर्तन असतं, आणि बुवांच्या गळ्यातला हार इंद्रभानच्या झेंडूचा असतो. हा मान त्याला कोणी लिहून दिलेला नव्हता, पण वडिलांपासून चालत आला होता. तो स्वतः टाळकरी. गेल्या साली पहिल्या ओळीत टाळ घेऊन उभा असताना त्यानं पाहिलं, बुवा मधेच थांबले, दोनदा शिंकले, आणि अभंगाची चाल न तोडता गळ्यातला हार काढून हळूच पेटीवर ठेवून पुढं गाऊ लागले. मंडपात कोणाच्या लक्षातही आलं नाही. इंद्रभानच्या आलं. कीर्तन संपल्यावर तो पाया पडायला गेला तेव्हा बुवाच म्हणाले की फुलं मोठी नामी होती, औषधाचा वास जरा नाकात गेला एवढंच. हसून म्हणाले. त्या हसण्यानं इंद्रभानला जेवण गोड लागेना.

त्याला आठवलं, आदल्याच आठवड्यात त्यानं कोळ्यासाठी जहाल औषध मारलं होतं. तीच फुलं देवाच्या गळ्यात, तीच बुवांच्या. त्यानं देवळातच मनाशी ठरवलं, पुढच्या कोजागिरीच्या हाराला औषधाचा थेंब लागू द्यायचा नाही. आणि ठरवून गप्प बसला असता तरी बरं झालं असतं. त्यानं ते भजनी मंडळात सांगितलं, आणि मंडळातल्या कोणीतरी बुवांच्या कानावर घातलं. बुवांचा निरोप आला: वाट पाहतो.

पण कोळ्याला निरोप कोण देणार? झेंडूवरचा लाल कोळी म्हणजे पानाच्या पाठीवर सांडलेलं तिखट. नीट पाहिलं तर ते तिखट चालतं. उघाड पडली, हवा कोरडी झाली की पाहता पाहता वाढतो, पान विटकरी होतं, कळीभोवती जाळं विणलं जातं आणि कळी उमलायच्या आधीच करपते. म्हणून इंद्रभान उन्हाळ्यात वाशीमला एका प्रशिक्षणाला गेला. तिथं धम्मदीपा नावाची तरुण मुलगी होती, प्रयोगशाळेत काम करणारी. तिनं ही कोळी मारणारी बुरशी दाखवली, तांदळावर कशी वाढवायची ते शिकवलं, मूळ बियाण्याची बाटली दिली. पिशवीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावा, हात स्पिरिटनं पुसा, जागा थंड असू द्या, ऊन लागू देऊ नका; उन्हानं बुरशी मरते. इंद्रभाननं कीर्तनातलं प्रमाण पाठ करावं तसं ते पाठ केलं.

पावसाळ्यातली पहिली खेप काळ्या बुरशीनं खाल्ली. दुसऱ्या खेपेत तांदूळ जास्त शिजला, त्याचा आंबूस चिखल झाला. बांधाला बांध असलेला हरिसिंग तेव्हा रोज चौकशीला येत असे.

"भात शिजला का नाई इंदरभाऊ?" तो कुंपणावरून विचारायचा. "मी तं म्हणतो ताक टाक त्याच्यात. कोळी नाई मेला तं कढी तरी होईन."

हरिसिंग मनानं वाईट नव्हता. त्याच्या झेंडूवरही कोळी होता आणि तो औषध मारून मोकळा होत होता. औषधानं चार दिवस कोळी कमी व्हायचा आणि मग दुपटीनं यायचा, कारण कोळ्याला खाणारे किडेही त्याच औषधानं मरत. पण ते चार दिवस हरिसिंग असा मिरवायचा की इंद्रभानला शेताकडं जाणं नको वाटायचं.

तिसरी खेप मात्र साधली. भाद्रपद संपता संपता पिशव्या पांढऱ्या झाल्या. इंद्रभाननं देवापुढं नारळ फोडला. तेवढ्यात नवरात्र आलं.

घट बसवायची जागा भागिरथानं या वर्षी पिशव्या ठेवलेल्या कोठीतच ठरवली. मागच्या बाजूची ती खोली घरात सगळ्यात गार. वर टिनाचं छप्पर असलं तरी त्याच्यावर तुराट्या आणि कडब्याचा जाड थर होता. खिडकी एकच. भागिरथाच्या माहेरी घटाचं धान अंधारात वाढवायची रीत होती. उजेड नाही, वारा नाही, परक्याची सावली नाही. तेव्हा ते हळदीसारखं पिवळंजर्द येतं, आणि जितकं पिवळं तितकं घराला चांगलं. घट बसवताना तिनं खिडकीला काळं घोंगडं ठोकलं, दाराला चवाळं लावलं आणि जाता जाता पिशव्यांनाही हळदकुंकू वाहिलं. त्यांनाही नजर लागू नये. इंद्रभानला तेही पटलं होतं. ऊन नको, हे तर त्या पोरीनंच सांगितलं होतं.

आणि मग काहीच होईना.

त्यानं काय काय करून पाहिलं नाही! गर्मी जास्त होत असेल म्हणून भिंतींना ओली गोणपाटं लावली. तरी पांढरी. मग वाटलं ओल जास्त झाली, म्हणून गोणपाटं काढली. तरी पांढरी. कापसाचे बोळे सैल केले, हवा जावी म्हणून. पिशव्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर, खालच्या वरच्यावर. काही पिशव्या चोळून आतला गठ्ठा फोडला. दोन दिवसांत गठ्ठा पुन्हा जुळून आला, पहिल्याहून पांढरा. बाहेर पाऊस पार ओसरला होता, हवा कोरडी ठणठणीत, दुपार पाठीला चटका देणारी, आणि झेंडूवर कोळी रोज एक सरी पुढं सरकत होता. सकाळी शेतात जाळी दवानं चमकायची. दुरून कोणाला वाटावं, मोती ओवलेत.

शेवटी त्यानं धम्मदीपाला फोन लावला. तिनं शांतपणे विचारलं, थर्मामीटर किती दाखवतो, भिंती ओल्या आहेत का, बोळा कसा लावलाय. म्हणाली फोटो पाठवा. त्यानं कोठीत जाऊन फोटो काढून पाठवला. मोबाईलचा फ्लॅश पडून सगळी खोली लखलखीत आली होती. भिंतीवरची पाल दिसत होती त्यात. धम्मदीपा म्हणाली की वाढ तर छान दिसते, सगळं बरोबर वाटतंय, थोडी वाट पाहू.

वाट पाहू, हे शब्द ऐकले आणि इंद्रभानचा तोल गेला.

"ताई, वाट तं बुवा पाहून राह्यले, कोळी नाई पाहून राह्यला," तो म्हणाला. "तुमचं बियाणंच पोचट हाये. गरिबाले शिकवाले काय जाते तुमचं? आमची शेतं म्हंजे तुमच्या पिशव्या, मेल्या तं मेल्या."

पलीकडून तिनं "ठीक आहे काका" म्हणून फोन ठेवला. इंद्रभानला फोन ठेवल्या ठेवल्याच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला. जी मुलगी एवढी आपुलकीनं शिकवते तिला आपण टाकून बोललो. सगळं आयुष्य टाळ हातात घेऊन नम्रपणाची निरूपणं ऐकली, ती कुठं गेली कोण जाणे.

अष्टमीच्या दुपारी तो शेतातून आला तो ठरवूनच. झेंडूच्या निम्म्या सऱ्या विटकरी झाल्या होत्या. पिशव्या उचलायच्या, उकिरड्यावर फेकायच्या आणि उद्या हरिसिंगकडून औषध आणायचं. यंदाच्या कोजागिरीला हार बाजारातून आणू. बुवांना काय सांगायचं ते तेव्हाचं तेव्हा पाहू. भागिरथा देवळात गेली होती. तो कोठीत शिरला, पाटी खाली ठेवली, आणि चिडलेल्या हातानं वरच्या फळीवरच्या पिशव्या भराभर पाटीत टाकू लागला.

भर दुपारच्या उन्हात छपराला एक बारीक भोक दिसत होतं. कधीकाळचा खिळा निघून आला होता आणि कडबा तिथून सरकला होता. त्या भोकातून हरभऱ्याएवढं ऊन आत उतरलं होतं, आणि ते नेमकं मधल्या फळीवरच्या एका पिशवीवर पडलं होतं. इंद्रभाननं ती पिशवी उचलली आणि पाटीत टाकता टाकता त्याचा हात थांबला.

पिशवीवर एक रेघ होती. बोटाएवढी रुंद. गुलाबी.

त्यानं डोळे चोळले. पिशवी भोकाखाली धरली. वरखाली सगळं पांढरं, आणि मधून आडवी गेलेली ती एक फिकट रेघ. भस्माच्या पट्ट्यासारखी, फक्त गुलालाची. त्यानं शेजारची पिशवी घेतली. तिलाही रेघ, तेवढ्याच उंचीवर. तिच्या पलीकडच्या पिशवीलाही. जणू कोणी पिशव्या ओळीनं मांडून एकाच हातानं, एकाच दमात पट्टा ओढला होता. आणि ऊन त्याच्या देखतच किंचित सरकलं, पुढच्या पिशवीकडं.

त्याच्या मागं घट होता. त्यानं वळून पाहिलं. धान पिवळंजर्द, वीतभर वाढलेलं, भागिरथाला हवं होतं अगदी तसं. पण कोपऱ्यातला एक झुबका, मांडणीच्या बाजूचा, हिरवा होता आणि त्याच भोकाकडं मान वाकवून उभा होता.

इंद्रभान तिथंच जमिनीवर बसला. हसावं की कपाळ बडवावं हे त्याला कळेना. ऊन नको म्हणजे उजेड नको, असं त्या पोरीनं कधी म्हटलं होतं? जाळी अंधारातही वाढते, पण बी धरायला तिला उजेड लागत होता, आणि त्यांनी दोघा नवराबायकोनं मिळून तिला काळ्या घोंगड्यात कोंडली होती. ओल पाहिली, गर्मी पाहिली, हवा पाहिली. उजेडाचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण पाहायला जाताना तो दरवेळी स्वतःचा टॉर्च घेऊन जात होता.

भागिरथा देवळातून आली तेव्हा दाराचं चवाळं निघालं होतं आणि इंद्रभान खिडकीच्या घोंगड्याचे खिळे उपटत होता.

"अवो, घट हाये न तिथं," ती दारातच थबकली. "धान हिरवं पडीन."

"पडू दे."

"अस्संच कसं पडू दे? देवीचं हाये थे."

"पाह्य बरं," तो म्हणाला आणि रेघ असलेली पिशवी तिच्या हातात दिली. मग घटातला हिरवा झुबका दाखवला, मग वरचं भोक. भागिरथानं तिन्हीकडं पाहिलं. शहाणी बाई, तिला दोनदा सांगावं लागलं नाही. तिनं घट उचलला, हलक्या हातानं देवघराच्या कोनाड्यात नेऊन ठेवला, समोर पडदा ओढला आणि परत येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"तुमीच म्हनले होते ऊन नोको. आता माह्या डोक्यावर नोका फोडू."

"तुह्या नाई फोडत. माह्याच फोडतो."

धम्मदीपाला फोन लावताना त्याला शरम वाटत होती. त्यानं आधी सगळी हकिगत सांगितली, मग बोललेल्याबद्दल माफी मागितली, तीही आडवळणानं. सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, सावलीतला उजेड पाहिजे, हे मी बोलायला पाहिजे होतं. सगळ्यांच्या खोलीला खिडकी असते, असं धरून चालले मी." पिशव्यांवर सरळ ऊन येऊ न देता दिवसभर उजेड राहू द्या, संध्याकाळी ट्यूबलाईट लावा, आणि धीर धरा, असं तिनं सांगितलं. धीर धरा म्हणताना ती जरा अडखळली. इंद्रभान या वेळी "हो ताई" म्हणाला.

दसरा झाला. लोकांनी एकमेकांना सोनं दिलं. कोठीत पिशव्या आधी मळकट दिसायला लागल्या, मग एका सकाळी हलका रंग चढला. पण शेतातला झेंडू वाट पाहायला तयार नव्हता. कोजागिरीच्या सकाळी इंद्रभान टोपली घेऊन गेला तर एका हाराला पुरतील एवढीही धड फुलं मिळेनात. बाजारातून हार आणायचं त्यानं मनातून काढून टाकलं; तो कशानं फवारलेला असेल कोण जाणे. कोणालातरी पाठवून बुवांना कळवलं की या वर्षी हार नाही. एवढंच.

दुपारनंतर आभाळ भरून आलं. चार थेंब शिंतडले आणि वारा पडला. हवा अशी ओलसर झाली की दोरीवरचे कपडे वाळेनात. इंद्रभान ओसरीवर बसून त्या आभाळाकडं पाहत होता आणि त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. भुकटी अंगावर पडली तरी ती रुजायला हवेत ओल लागते, हे त्यानं पाठ केलं होतं. फवारणी संध्याकाळीच करायची, म्हणजे रात्रभर दव मिळतं आणि उन्हाची भीती नसते. उद्या आभाळ फाकलं की पुन्हा कोरडं. अशी संध्याकाळ पुन्हा येईल याचा भरवसा नव्हता. आणि हीच संध्याकाळ कीर्तनाची होती. आजवर त्यानं माणिकबुवांचं कीर्तन एकदाही चुकवलं नव्हतं. टाळ धुऊन, पुसून खुंटीला लावले होते.

"इतके दिवस चिडचिड केली ते कायच्यासाठी?" भागिरथा म्हणाली. तिनं स्वतःच बादली काढली.

तो उठला. पिशव्या फोडून गुलाबी तांदूळ बादलीतल्या पाण्यात घुसळला, तिनं जुन्या पातळाच्या चौघडीतून ते गाळून घेतलं. पाणी भेसळीच्या दुधासारखं झालं, गुलाबी झाक असलेलं. औषधाचा पंप या कामाला चालत नाही म्हणून त्यानं माळ्यावरचा जुना दांड्याचा पंप घासून घासून धुतला होता. दिवेलागणीला दोघं शेतात पोचली तेव्हा देवळाच्या भोंग्यातून नमनाचे सूर यायला लागले होते.

तो सरीत वाकला. कोळी पानाच्या पाठीवर असतो, म्हणून फवारा खालून वर. एक हात दांड्यावर, एक नळीवर. लांबून बुवांचा आवाज येत होता, वाऱ्याविना स्वच्छ, आणि मागं टाळ. त्याच्या जागी आज कोण उभा होता ते त्याला आवाजावरून कळलं. हात कच्चा होता, लय ओढत होता. इंद्रभानचा जीव कासावीस झाला. एका ठिकाणी टाळकरी पार चुकले आणि तो सरीतच थांबून म्हणाला, "अरे, धरा न बाप्पा नीट." भागिरथा पुढच्या सरीवर बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली की इथून त्यांना ऐकू जायचं नाही, तुमी दांडा हाना. मग तो दांडा हाणू लागला. केव्हातरी दांड्याची लय भोंग्यातल्या लयीला लागली, आणि शेताच्या शेवटच्या सरीपर्यंत सुटली नाही. हार नव्हता, टाळ नव्हते, मनातला सल तसाच होता. पण लय चुकली नाही.

आठवड्यानंतर त्यानं धम्मदीपानं दिलेलं भिंग पानाला लावलं. तिखटाचे कण जागच्या जागी थांबले होते आणि काहींच्या अंगावर बारीक पांढरी लव उगवली होती. सगळे नव्हते मेले. अर्धा झेंडू तर गेलेलाच होता, तो उपटावा लागला. उरलेल्याला नवी पालवी आली, आणि दिवाळी उलटून गेल्यावर फुलं. जरा लहान, पण करपलेली नव्हती.

कार्तिकात काकड्याच्या समाप्तीला काल्याचं कीर्तन माणिकबुवांचंच होतं. इंद्रभाननं हार ओवला. तो कसाबसा छातीपर्यंत आला. त्यानं बुवांच्या गळ्यात घातला, बुक्का लावला आणि टाळ घेऊन आपल्या जागेवर उभा राहिला. सगळं कीर्तनभर त्याची नजर त्या हारावरून हलली नाही. बुवा गायले, नाचले, बोबड्या गड्याची नक्कल करून लोकांना हसवलं, दहीहंडी फोडली. हाराकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काढला नाही. काल्याची लाही वाटतानाही तो गळ्यातच होता, एक दोन पाकळ्यांवर दही सांडलेलं.

इंद्रभानला उगीच वाटत राहिलं, कोणीतरी विचारावं. कोणी विचारलं नाही. प्रसाद घेऊन निघताना हरिसिंग तेवढा जवळ आला, बुवांकडं पाहून म्हणाला,

"हार लहान झाला राज्या यंदा."

"हो," इंद्रभान म्हणाला. "लहानच झाला."